सव्विसाव्या वर्षीची म्हातारी

तिचे केस पांढरे झाले ते दुसऱ्याच एका बाईचा पाय मोडला म्हणून.

स्टुडिओत आईची कामं करणारी एक वयस्क नटी होती. ऐन चित्रीकरणाच्या सकाळी ती घराच्या जिन्यावरून घसरली आणि निरोप आला की बाई आता काही महिने अंथरुणातून उठत नाहीत. इकडे सेट उभा होता, दिवे टांगून झाले होते, नायक चेहरा रंगवून पंख्याखाली बसला होता आणि दिग्दर्शक डोकं धरून येरझाऱ्या घालत होता. त्याच सेटवर आपली ही पोरगी नायिकेच्या मैत्रिणीचं काम करायला आली होती. काम म्हणजे काय, नायिका लाजली की मागून खुदकन हसायचं. दिग्दर्शक तिच्यासमोरून दोनदा गेला, मग थांबला, आणि बाजारात भाजी निवडावी तसं तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "एका दिवसाचा प्रश्न आहे. अर्धं तोंड शालीत झाकलेलं राहील. कुणाला कळणार आहे?"

ती तेव्हा सव्वीस वर्षांची होती.

नाही म्हणायची तिला सवयच नव्हती. वडील लवकर गेले होते. आई स्टुडिओच्या कपडेपटात शिवणकाम करायची. शिवलेले कपडे पोचवता पोचवता ही पोरगी कुणाच्या तरी नजरेत भरली. आधी घोळक्यात उभी राहिली, मग घोळक्याच्या पुढे आली, मग नायिकेच्या मागे. एकदा तर चक्क नायिका झाली. तो चित्रपट आला तसा गेला. दुसऱ्या आठवड्यात थिएटरात दारावरचा माणूस सोडला तर बघायला कुणी नव्हतं. एका वर्तमानपत्राने लिहिलं की पोरीत गोडवा आहे, पण बाहेर पडल्यावर चेहरा आठवत नाही. आईने ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "गोडवा आहे म्हणतोय ना? मग झालं तर."

तर त्या सकाळी रंगकाकांनी तिला खुर्चीत बसवलं. स्टुडिओत चेहरे रंगवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे रंगकाका म्हणत. त्यांनी तिच्या केसांत पांढरी पूड चोळली, बारीक कुंचल्याने कपाळावर, डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या खाली रेघा ओढल्या, आणि प्रत्येक रेघेला "माफ कर हं पोरी" म्हणत राहिले. प्रसंग साधाच होता. मुलगा तुरुंगातून सुटून घरी येतो, आई दार उघडते आणि "आलास?" एवढंच म्हणते.

गंमत अशी की मुलाचं काम करणारा नायक म्हणजे तिच्या त्या एकुलत्या एक चित्रपटातला तिचा प्रियकर. वयाने तिच्याहून चांगला पाच वर्षांनी मोठा. दोन वर्षांपूर्वी याच माणसाने बागेत तिचा हात धरून तिला धावायला लावलं होतं, आणि आता तो दाढीचे खुंट लावून दारात उभा राहून तिला "आई" म्हणत होता. तिला इतकं हसू आलं की आवरेना. ओठ घट्ट दाबले, तशी हनुवटी थरथरायला लागली आणि डोळ्यांत पाणी भरलं. "आलास?" हा शब्द कसाबसा, चिरकत, बाहेर पडला.

सेटवर कुणी हललं नाही. दिवे धरणारा एक दांडगा माणूस बाहीने नाक पुसत होता. दिग्दर्शक "कट" म्हणायचं विसरला.

तो चित्रपट वर्षभर चालला. लोक म्हणे त्या एका शब्दासाठी पुन्हा तिकीट काढत. पाय मोडलेली नटी काठी टेकत परत आली तेव्हा तिच्या जागेवर ही बसलेली होती, आणि पुढच्या तीन चित्रपटांसाठी ठरलेली होती. म्हातारीने आदळआपट केली नाही. हिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा उजेडाकडे वळवला, रंगकाकांच्या रेघा नीट पाहिल्या आणि म्हणाली, "तुला यायचंच होतं गं इथे. सगळ्याच येतो. पण घाई केलीस."

त्या दिवसापासून ती माई झाली. स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरी, चहावाला, नायक, नायिका, लेखक, सगळ्यांची माई. आणि माई म्हटलं की मागून आपोआप "अहो" येतंच. कालपर्यंत ज्यांनी "ए, ती दुसरी कोण, हां तू, जरा डावीकडे सरक" म्हटलं होतं ते आता खुर्ची पुढे करत. मान वाढला, तशी एक गोष्ट गुपचूप निघून गेली. बरोबरीच्या मुली तिच्यासमोर आपल्या भानगडी बोलेनाशा झाल्या. ती आली की हसणं थांबे, कुणीतरी सावरून बसे. वयाने ती त्यांच्यातलीच होती, पण पांढरी पूड लावलेल्या बाईच्या कानात कोण काय सांगणार?

सुरुवातीला तिने धीर करून एका दिग्दर्शकाला विचारलं होतं की एखादं तरुण बाईचं काम असेल तर बघाल का, नायिकेचं नको, बहिणीचं, वहिनीचं चालेल. तो भला माणूस होता. त्याने विचार केल्यासारखं केलं आणि अवघडून म्हणाला, "लोक हसतील हो माई."

मग तिने तो विषय पुन्हा काढला नाही. अंगावर पडलेलं काम ती मन लावून करत गेली. आंधळी आई, खोकणारी आई, मशीनवर कपडे शिवून मुलाला वकील करणारी आई. मशीन चालवायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोस्टरवर तिचा चेहरा कोपऱ्यात, वर आभाळाकडे बघणारा, ढगात घातल्यासारखा असे. मुलांना हाकलून देणं, मग दाराआड रडणं, मग चुकलेल्या मुलाला पोटाशी धरणं, हे सगळं ती डोळे मिटून करू शकली असती.

पण तिला सगळ्यांत आवडायचे ते मरणाचे प्रसंग. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. मरणाच्या प्रसंगात निजून राहायचं असतं. पांघरूण असतं, उशी असते. भोवती सगळे जमतात. कुणीतरी हात हातात धरतं आणि दिवे लावून होईपर्यंत, कॅमेरा सरकवून होईपर्यंत, दुपारची दुपार धरून बसतं. हात धरणाऱ्याचं लक्ष भलतीकडे असे, तो सिगरेट ओढी, कुणाशी तरी घोड्यांच्या शर्यतीचं बोले, पण हात धरलेला असे. संध्याकाळी बसच्या रांगेत उभं राहिल्यावर त्या हाताला तेवढी ऊब उरलेली तिला जाणवायची.

तिला लग्नाचं विचारणारा एक जण होता. स्टुडिओतला ध्वनिमुद्रक, कानाला यंत्र लावून काचेमागे बसणारा, मितभाषी, थोडा बहिराच म्हणून चेष्टेचा विषय झालेला. त्याचं ऐकणं मात्र विलक्षण होतं. एकदा खोकल्याचा प्रसंग झाल्यावर तो काचेमागून बाहेर आला आणि तिला म्हणाला की आजचा खोकला कामातला नव्हता, खराच होता, औषध घ्या. ती चकित झाली, कारण तिला खरोखरच चार दिवस ताप येत होता आणि ते तिच्या आईच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यानंतर दोघं दुपारचा डबा ध्वनिमुद्रणाच्या खोलीमागच्या पायरीवर बसून खाऊ लागली. बोलणं फार नसे. तो अधूनमधून म्हणे, ऐका, आणि कुठल्या तरी पक्ष्याकडे किंवा लांबच्या कारखान्याच्या भोंग्याकडे बोट दाखवी. वर्षभराने त्याने विचारलं, आणि ती हो म्हणाली.

रीतीप्रमाणे त्याची आई तिला बघायला आली. तिच्या आईने दोन्ही खोल्या झाडून-पुसून लख्ख केल्या होत्या, खाली चष्म्याच्या दुकानातून दोन चांगल्या खुर्च्या मागून आणल्या होत्या. तिने केस दोनदा धुतले होते आणि काळेभोर केस पाठीवर मोकळे सोडले होते. होणाऱ्या सासूबाई दारातून आत आल्या, तिला पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत भरभरून पाणी आलं. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "अहो माई, तुमच्यासाठी मी थिएटरात किती रडलेय." मग स्वतः बुटक्या स्टुलावर बसल्या आणि तिला खुर्चीत बसायचा आग्रह करू लागल्या.

ध्वनिमुद्रक घसा खाकरत राहिला. तिची आई हसायचा प्रयत्न करत होती. पाहुण्या बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी चहा घेतला, घराचं कौतुक केलं, आपला गुडघा दुखतो तो कसा ते तिला सांगितलं, वडीलधाऱ्या माणसाला सांगावं तसं. जाताना जिन्यात त्या मुलाला हळूच म्हणाल्या, पण जिना अरुंद होता आणि ऐकू आलं, "अरे, मी हिला अगं कसं म्हणू? हिला पाणी आण म्हणून कसं सांगू?"

त्याने आईची समजूत घालायचा प्रयत्न केला असणार. चार-सहा महिने तो डबा घेऊन पायरीवर येत राहिला. पण गोष्ट बोलण्यासारखी उरली नव्हती. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. पुढे त्याला दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओत जागा मिळाली. निघायच्या दिवशी तो निरोप घ्यायला आला तेव्हा ती खाटेवर मरून पडलेली होती, चित्रीकरण चालू होतं. लाल दिवा विझेपर्यंत थांबणं त्याला गाडीमुळे जमलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी तिची आई गेली. आजार फार लांबला नाही. खोल्यांमध्ये माणसं जमली, कपडेपटातल्या बायका आल्या, स्टुडिओतले बरेच जण आले. आईला नेलं तेव्हा तिला हुंदका फुटला. आतून कुठून तरी आला, ती काही ठरवून रडत नव्हती. आणि मागे उभ्या असलेल्या दोन बायकांपैकी एक दुसरीला कुजबुजली, अगदी शेवटच्या रिळातल्यासारखं, नाही का गं?

वाईट म्हणून बोलली नव्हती ती. पण ते शब्द तिच्या कानात पडले आणि तिने स्वतःचं रडणं ऐकलं. खरंच तसंच होतं. आधी श्वास अडकायचा, मग खालचा ओठ, मग तोंडावर उलटा हात. हात वर चाललाच होता, तो तिने मध्येच थांबवला. त्याचं काय करायचं ते तिला कळेना. हुंदका जागच्या जागी जिरला. लोक म्हणाले, धीराची आहे हो. घरी आल्यावर, दार लावल्यावर तरी रडू येईल असं तिला वाटलं होतं. तिने वाट पाहिली. आईची शिवणाची पेटी उघडून बसली, चष्मा हातात घेतला. डोळे कोरडेच राहिले. सेटवर मात्र दुसऱ्याच आठवड्यात, "रडा माई" म्हटल्याबरोबर, पाण्याची धार लागली.

आई गेल्यावर तिला "अगं" म्हणणारं जगात कुणी उरलं नाही. हे तिच्या लगेच लक्षात आलं नाही. एकदा बसमध्ये मागच्या बाकावरून कुणी बाई आपल्या मैत्रिणीला "अगं ऐक ना" म्हणाली आणि ही चटकन वळून बघू लागली, तेव्हा कळलं.

वर्षं गेली. रंगकाका म्हातारे झाले, चष्म्याची भिंगं जाड झाली, पण तिचा चेहरा ते दुसऱ्या कुणाला रंगवू देत नसत. सकाळी खुर्चीत बसली की कुंचला उचलत, तिच्याकडे बघत आणि कामाला लागत. हल्ली काम लवकर आटपतं हे तिला जाणवत होतं. एका सकाळी त्यांनी कुंचला उचलला, तिच्या कपाळाजवळ नेला, इकडे नेला, तिकडे नेला, आणि खाली ठेवला. त्यांनी माफ कर म्हटलं नाही. आरसा तिच्याकडे वळवून म्हणाले, "आज नुसती पावडर बास."

ती हसली आणि म्हणाली की चला, तुमचा रंग वाचला. पण आजवर संध्याकाळी तेल लावून, कापसाने पुसून, त्या रेघा काढून टाकता येत असत.

तिच्या चित्रपटांतून धावत येऊन तिच्या कुशीत शिरणारी नायिका बहुतेक वेळा एकच असे. स्टुडिओत त्यांना बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांची मोटार थेट सेटच्या दारापर्यंत येई, त्यांच्यासाठी वेगळी खोली, वेगळा पंखा. किती चित्रपटांत ही त्यांची आई झाली होती याचा हिशोब दोघींनाही नव्हता. आणि दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, त्यात बाईसाहेब दोन महिन्यांनी मोठ्याच. ही पंचवीस वर्षं म्हातारी राहिली आणि त्या पंचवीस वर्षं अठराच्या राहिल्या. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा जवळून घ्यायचा झाला की कॅमेऱ्याच्या भिंगावर रेशमी जाळी लावत. या सगळ्या काळात कुशीत शिरून रडण्यापलीकडे बाईसाहेब तिच्याशी कधी बोलल्या नव्हत्या. कट म्हटलं की उठायच्या, केस सारखे करायच्या आणि खोलीत जायच्या.

एका दुपारी त्यांची मोटार तिच्या गल्लीत येऊन उभी राहिली. बाईसाहेब जिना चढून, धापा टाकत, दारात उभ्या. तोंडावर रंग नव्हता. तिने आपली एकुलती एक बरी खुर्ची पुढे केली. बाईसाहेबांनी खोली पाहिली, खिडकीतून खालची गल्ली पाहिली, पाणी मागितलं, आणि कोरड्या आवाजात सांगितलं की एका नव्या चित्रपटात नायकाच्या आईचं काम आलं आहे. नायक म्हणजे मागच्याच वर्षी ज्याच्याबरोबर त्या गाणी म्हणत झाडांभोवती फिरल्या होत्या तो.

"तुम्हाला पहिल्या दिवशी कसं वाटलं होतं?" त्यांनी विचारलं.

ही गोष्ट तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती. ती म्हणाली, "हसू आलं होतं."

"हसू?"

मग तिने सगळं सांगितलं. बागेत धावलेला प्रियकर, दाढीचे खुंट, दाबलेले ओठ, आणि ज्या अश्रूंवर तिची सगळी कारकीर्द उभी राहिली ते कुठून आले होते ते. बाईसाहेब आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांच्या हातातलं पाणी हिंदकळलं. दोघी हसत सुटल्या, पोट धरून, डोळे पुसत, आवाज खाली दुकानात जाईल याची पर्वा न करता. हसून झाल्यावर बाईसाहेबांनी पेला खाली ठेवला आणि विचारलं, "मग घेऊ का ते काम?"

बाईसाहेब आईच्या कामांत उतरल्या की आपल्याला कोण बोलावणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. इतकं मोठं नाव पोस्टरच्या कोपऱ्यात मिळत असेल तर दुसरा चेहरा कशाला? पाय मोडलेली ती जुनी नटी तिच्या डोळ्यांसमोर आली. ती म्हणाली, "घ्या. कमरेतून वाकू नका पण, खांद्यातून वाका. कमरेतून वाकलं की खोटं वाटतं."

झालं तसंच. बाईसाहेबांचं कौतुक झालं आणि हिला बोलावणी येईनाशी झाली. आजीची कामं तेवढी उरली. एक-दोन वाक्यं, आशीर्वादाचा हात, नाहीतर भिंतीवरचा तसबिरीतला चेहरा. त्यातच एकदा मरणाचं काम आलं. आता ते आधीसारखं राहिलं नव्हतं. नवी मंडळी घाईची होती, हात वगैरे धरून कुणी बसत नसे. तिला खाटेवर निजवलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, चित्रणाचे दोन तुकडे घेतले आणि कॅमेरा पलीकडच्या सेटवर नेला. जाताना कुणीतरी "उठा" म्हणालं असेल, नाही असं नाही, पण तिचा डोळा लागला होता. जाग आली तेव्हा दिवे काढून नेले होते. पलीकडून हातोड्यांचा आवाज येत होता, सुतार भिंती काढत होते. ती पडली होती त्या खोलीच्या दोन भिंती आधीच नेल्या होत्या. उठून बसली तसा शिडीवरचा सुतार दचकला, आणि मग माफी मागू लागला की आम्हाला वाटलं गादीवर नुसतं पांघरूण आहे.

तिने चपला शोधल्या, कपडे कपडेपटात परत दिले, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ विचारपूस करून ती घरी गेली. पुन्हा स्टुडिओत गेली नाही. कुणी बोलवायलाही आलं नाही, म्हणजे भांडणाचं कारणच नाही.

ती घरी बसल्याची बातमी बाईसाहेबांच्या कानावर जायला बराच काळ गेला. कानावर गेली तशी त्यांनी मोटार धाडली. त्यांचे यजमान कधीच गेले होते, मुलगा परदेशात होता, आणि बागेतल्या त्या एवढ्या मोठ्या घरात त्या आणि दोन नोकर राहत होते. माईने थोडे दिवस येऊन राहावं असा निरोप होता. ती चार कपडे घेऊन गेली आणि राहतच गेली.

पहिला महिना अवघड गेला. दोघींनाही बोलायची सवय नव्हती, आणि रडायचं तर कारण नव्हतं. मग खिडकीवरून भांडण झालं. बाईसाहेबांना झोपताना खिडकी बंद लागे, हिला उघडी. दोन दिवस दोघी फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टेबलाशी बाईसाहेब कडाडल्या, "अगं, थंडीने मारणार आहेस का मला?" आणि स्वतःच ओशाळल्या. ती चहा ओतत राहिली, बशीत सांडला तरी ओतत राहिली. त्या दिवसापासून अहो-जाहो गेलं ते गेलंच. खिडकी अर्धी उघडी राहू लागली, ती कुणालाच पसंत नव्हती.

दुपारी दोघी पत्ते खेळत. बाईसाहेब सर्रास लबाडी करत आणि पकडल्या गेल्या की नायिकेसारख्या मान वेळावत. जुने चित्रपट कुठे लागले असले तरी दोघी बघायला जात नसत. एकदा फक्त बाईसाहेबांनी विचारलं होतं की इतक्या वेळा मी तुझ्या गळ्यात पडले, तुला कधी माझी माया आली का गं? तिने खरं ते सांगितलं, की तुझ्या केसांतले आकडे टोचायचे. पण थोड्या वेळाने, पत्ते वाटता वाटता, तिने हेही सांगितलं की आकडे टोचले तरी कुणी कट लवकर म्हणू नये असं वाटायचं.

दोन वर्षं अशी गेली. मग बाईसाहेब न्हाणीघरात पडल्या. हाड सांधलं, पण चालणं गेलं, आणि मुलगा परदेशातून त्यांना न्यायला आला. शांत, सभ्य मुलगा. त्याने माईंचे मनापासून आभार मानले, माईंना हवं ते घरातलं न्या म्हणाला. तिने पत्त्यांचा जोड घेतला. निघताना बाईसाहेब चाकांच्या खुर्चीत होत्या. तिने वाकून त्यांना धरलं, तेव्हा दोघींपैकी कुणालाच रडू आलं नाही. बाईसाहेब तिच्या कानात म्हणाल्या, "आता कट म्हणेल बघ कुणीतरी." आणि मुलाने खरंच घड्याळ बघितलं.

ती आपल्या दोन खोल्यांत परत आली. धूळ झाडली, खिडकी सताड उघडली. पहिल्या रात्री खिडकी इतकी उघडी बरी वाटेना, म्हणून उठून अर्धी लोटली.

रविवारी सकाळी खाली चष्म्याच्या दुकानात तिच्यासाठी परदेशातून फोन येई. दुकानदार तिच्यासाठी स्टूल ठेवून द्यायचा आणि गिऱ्हाईक असलं तरी कुणाला फोनला हात लावू द्यायचा नाही. आवाज लांबून, लाटेवरून आल्यासारखा येई. बोलणं काही खास नसे. तिकडे थंडी फार, सून चांगली आहे, नातवंडांना आपली भाषा येत नाही, जेवलीस का, गुडघा कसा आहे. एका रविवारी बाईसाहेब म्हणाल्या, "इथे दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही गं. सगळे नुसते काळजी घेतात."

"इथे काळजीसुद्धा कुणी घेत नाही," ती म्हणाली. "तुझं बरं आहे."

पलीकडून हसू ऐकू आलं, मग खोकला, मग खरखर.

फोन ठेवल्यावर दुकानदाराने सहज विचारलं की परदेशात मुलगी असते का. तिने जरा विचार केला. पडद्यावर कित्येक वर्षं ती बाई तिची मुलगीच होती, सगळ्या गावाने पाहिलेलं होतं. "नाही," ती म्हणाली, "मैत्रीण आहे. माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी."

पुढे फोन दर रविवारी येईना, महिन्याने येऊ लागला, मग बाईसाहेबांऐवजी मुलगा बोलू लागला, आणि एका सकाळी त्याने अगदी हळू आवाजात सांगायचं ते सांगितलं. तिने बरं म्हटलं, त्याला नीट जेव म्हणून सांगितलं, आणि फोन जागेवर ठेवला. दुकानात एक लहान मुलगी पहिलाच चष्मा लावून भिंतीवरची अक्षरं वाचत होती. ही स्टुलावर बसून ऐकत राहिली. ओठ हलले नाहीत, हात वर गेला नाही, श्वास अडकला नाही. पण गालावरून काहीतरी ओघळतंय असं तिला वाटलं, आणि तिने बोट लावून पाहिलं. दुकानदार पाठमोरा होता. त्याच्या काही लक्षात आलं नाही. मुलगी शेवटच्या ओळीवर अडखळली, पुन्हा वरून वाचू लागली, आणि ही तिथेच बसून राहिली, अक्षरं संपेपर्यंत.